रविवारचा बर्गर गुरुवारपासून

अमेरिकेतल्या वाल्डो जॅक्विथ यांनी व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात घर बांधलं, भाजीपाला लावला, कोंबड्या पाळल्या आणि एक चीजबर्गर अगदी मुळापासून, सगळाच्या सगळा स्वतः करायचा बेत आखला. बेत मांडताना त्यांच्या लक्षात आलं की ऋतूच जुळत नाहीत. टोमॅटो पिकतो उन्हाळा सरताना. लेट्यूसला ऊन सोसत नाही, त्याला गारवा हवा. जनावर कापायची जुनी रीत थंडी पडल्यावरची. एकाच दिवशी, एकाच शेतावर या तीन गोष्टी ताज्या मिळायच्या नाहीत. २०११ मध्ये त्यांनी हे सविस्तर लिहिलं आणि निष्कर्ष काढला की शीतपेट्या, वेगवान वाहतूक आणि बारमाही भाजी यांच्याआधीच्या जगात चीजबर्गर जन्मालाच आला नसता.

इतिहासही तेच सांगतो. व्हाइट कॅसल ही बर्गरची साखळी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात १९२१ मध्ये सुरू झाली. बर्गरवर पहिल्यांदा चीज ठेवल्याचं श्रेय बहुतेक वेळा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावच्या लायनेल स्टर्नबर्गर या तरुणाला दिलं जातं, तेही १९२० च्या दशकातलं. डेन्व्हरच्या लुई बॅलास्ट यांनी १९३५ मध्ये ‘चीजबर्गर’ या नावावर हक्क सांगितला. म्हणजे हा पदार्थ जेमतेम शंभर वर्षांचा.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला ऋतूंची अडचण फारशी नाही. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांमुळे टोमॅटो जवळजवळ बारा महिने मिळतो, लेट्यूस पुण्यामुंबईत सहज मिळतं. इथली अडचण वेगळी आहे. बर्गरमधल्या प्रत्येक जिनसाची स्वतःची एक मुदत असते. मोहरीला दोन दिवस हवेत, चीजला एक रात्र, फ्राइजना एक रात्र, बनला चार तास आणि पॅटीला जेमतेम तीन मिनिटं. घरचा बर्गर फसतो तो बहुधा हात बसलेला नसल्यामुळे नव्हे. सगळं एकाच दुपारी उरकायला घेतल्यामुळे फसतो. रविवारी दुपारी आठ जणांनी जेवायचं असेल तर गुरुवारी रात्री सुरुवात करावी. बटाटे तर त्याच्याही आधीच्या आठवड्यात घरात यायला हवेत. त्याचं कारण पुढे येईलच.

‘मुळापासून’ म्हणजे कुठपासून, हे आधी ठरवून टाकलेलं बरं. इथे मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट, व्हिनेगर आणि तेल विकतचं धरलं आहे. बाकी सगळं घरी.

गुरुवारी रात्रीचं काम अर्ध्या तासाचं. पन्नास ग्रॅम पिवळी आणि पन्नास ग्रॅम काळी मोहरी शंभर मिलिलिटर व्हिनेगर आणि पन्नास मिलिलिटर थंड पाण्यात भिजत घालावी. पाणी थंडच हवं. मोहरी फुटून पाण्याशी गाठ पडली की तिच्यातलं एक विकर झणका तयार करतं. गरम पाण्यात हे विकर निकामी होतं आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. व्हिनेगर तो झणका टिकवून धरतं. शनिवारी सकाळी भिजलेली मोहरी एक चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि चिमूटभर हळद घालून मिक्सरमधून जाडसर वाटावी. वाटल्या वाटल्या ती कडू लागते, म्हणून रविवारपर्यंत फ्रिजमध्ये मुरू द्यावी.

त्याच रात्री काकडीचं लोणचं. अमेरिकन बर्गरमध्ये जी हिरवी आंबट चकती असते तिचा वास ओळखीचा वाटतो, कारण तो शेपूचा असतो. जी भाजी आपल्याकडे मुगाच्या डाळीबरोबर परतली जाते, तिच्याच काड्या आणि बिया तिकडे काकडीच्या बरणीत पडतात. कोवळ्या, टणक, बारीक बियांच्या काकड्या चार मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत कापाव्यात. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी, दीड चमचा मीठ आणि एक चमचा साखर उकळून घ्यावी. बरणीत काकडी, शेपूच्या चार-पाच काड्या, अर्धा चमचा बाळंतशेपा, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या आणि थोडी मोहरी घालून वरून हे गरम पाणी ओतावं. गार झालं की फ्रिजमध्ये. रविवारपर्यंत चकत्या पोटापर्यंत आंबट होतात आणि तरी कुरकुरीत राहतात.

शुक्रवार केचपचा. दोन किलो पिकून लाल झालेले टोमॅटो, एक कांदा, चार लसूणपाकळ्या, दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन सुक्या मिरच्या एकत्र शिजवून गाळणीतून दाबून काढाव्यात. या रसात शंभर ग्रॅम साखर, ऐंशी मिलिलिटर व्हिनेगर आणि एक मोठा चमचा मीठ घालून रस एक तृतीयांश होईपर्यंत आटवावा. थेंब बशीत टाकल्यावर भोवती पाण्याचं कडं सुटलं नाही की केचप झालं. हाइन्झ कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रासायनिक परिरक्षक सोडून दिलं तेव्हा तिनं नेमकं हेच केलं होतं: पूर्ण पिकलेले टोमॅटो घेतले आणि साखर-व्हिनेगर वाढवलं. पिकलेल्या टोमॅटोतल्या पेक्टिनमुळे दाटपणा आपोआप येतो. हिरवट टोमॅटो घेतले तर ते काम कॉर्नफ्लोअरला करावं लागतं आणि चव पांचट होते.

आता चीज. घरच्या बर्गरमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पनीर घरोघरी होतं, म्हणून पुष्कळ जण पॅटीवर पनीरचा तुकडा ठेवून तो वितळायची वाट बघतात. पनीर वितळत नाही. दूध उकळलं की त्यातली व्हे प्रथिनं उलगडतात आणि केसिन या प्रथिनाला घट्ट चिकटतात. मग आंबट घालून जो गोळा बनतो तो तव्यावर तांबूस होतो, पण पातळ होत नाही. भाजीच्या रश्शात पनीर टिकतं ते याच गुणामुळे, बर्गरवर मात्र तोच दोष ठरतो. वितळणारं चीज हवं असेल तर दूध उकळायचं नाही.

दोन लिटर गाईचं सायीसकट दूध घ्यावं. पिशवीचं चालतं, महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध मात्र फार तापवलेलं असतं, त्याचं चीज धड होत नाही. दूध ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे बोट घातल्यावर चटका बसणार नाही पण फार वेळ ठेवताही येणार नाही इतकंच गरम करावं आणि गॅस बंद करावा. मग ८० ते १०० मिलिलिटर व्हिनेगर चमच्याचमच्यानं घालत सावकाश ढवळावं. पाणी हिरवट-पिवळं होऊन गोळा सुटा झाला की थांबावं. गोळा हातात घेऊन दाबून दाबून पाणी काढावं. पाव किलोच्या आसपास ऐवज हाती येतो.

हा गोळा थोडाफार वितळतो, पण त्याचं तूप वेगळं सुटतं. पातळ, चकाकता, एकजीव काप करायला आणखी एक पायरी लागते. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. आज कारखान्यात हे चीज करताना सोडियम सायट्रेटसारखे क्षार वापरतात, आणि सोडियम सायट्रेट घरी पाच मिनिटांत होतं. पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून त्यात सहा ग्रॅम खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. भांडं मोठं घ्यावं, कारण फेस जोरात वर येतो. फेस पूर्ण निवला की जे स्वच्छ पाणी उरतं तेच सोडियम सायट्रेटचं द्रावण. ते केसिनमधलं कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे मोकळं झालेलं केसिन चरबी आणि पाणी यांना एकमेकांपासून सुटू देत नाही.

चीजचे तुकडे, हे द्रावण, तीस ग्रॅम लोणी, चमचाभर मीठ आणि रंगापुरती हळद मिक्सरमधून काढावी. अमेरिकेत चीजचा नारिंगी रंग शेंद्रीच्या बियांमुळे येतो. त्या मिळाल्या तर हळदीऐवजी त्याच घ्याव्यात. मिश्रणाचं पातेलं उकळत्या पाण्यावर धरून सात-आठ मिनिटं सतत ढवळावं. आधी ते रवाळ दिसतं, सोडून द्यावंसं वाटतं, आणि मग एकदम गुळगुळीत होतं. लगेच तूप लावलेल्या बटर पेपरवर ओतून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर पसरावा, वरून दुसरा कागद दाबावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी सुरीनं चौकोन कापावेत. सोळा तरी निघतात. महिनोन्महिने मुरलेल्या चेडरची धार या चीजला येत नाही, हे खरं. मोहरीची घट्ट चटणी आणि लोणचं ती उणीव भरून काढतात, म्हणून तर ती दोन्ही गुरुवारपासून तयार होत असतात. हे सगळं शनिवारी सकाळी उरकावं, कारण संध्याकाळ बटाट्यांची असते.

बटाट्याची गोष्ट थोडी लांबण लावून सांगावी अशीच आहे. मॅक्डॉनल्ड बंधूंचं दुकान कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथलं. त्यांच्या फ्राइजवर खूश होऊन रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डेस प्लेन्स इथे स्वतःचं दुकान काढलं. बटाटा तोच, कृती तीच, तरी त्यांच्या फ्राइज मऊ पडायला लागल्या. पुष्कळ चौकशी केल्यावर कारण कळलं. सॅन बर्नार्डिनोला बटाटे जाळीच्या पेट्यांत उघड्यावर असत, वाळवंटाकडच्या कोरड्या वाऱ्यात ते चांगले सुकत आणि त्यांच्यातल्या साखरेचा पुन्हा स्टार्च होई. क्रॉक यांनी तळघरात बटाट्यांपुढे पंखे लावले आणि अडचण सुटली. पुढे १९६७ पासून मॅक्डॉनल्डनं आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट यांच्याकडून गोठवलेल्या फ्राइज घ्यायला सुरुवात केली आणि ताजे बटाटे सोलण्याचा तो काळ संपत गेला.

आपल्या बाजारात ही अडचण उलट्या दिशेनं येते. शीतगृहात दोन-चार अंशांत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. असा बटाटा गोडसर लागतो आणि तळताना कुरकुरीत होण्याआधीच काळपट पडतो. शिवाय साखर जास्त असली की तळणीत ॲक्रिलामाइड जास्त तयार होतं. तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत हे रसायन असतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. म्हणून बटाटे आठवडाभर आधी आणावेत आणि फ्रिजबाहेर, अंधारात, हवा लागेल अशा टोपलीत पसरून ठेवावेत. भाजीवाल्याकडे चिप्सचा बटाटा मागावा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं कुफरी चिप्सोना आणि खास फ्राइजसाठी कुफरी फ्रायसोना अशी वाणं काढली आहेत. कुठे नावानं मिळाली तर सोडू नयेत. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, पावसाळा सरताना तो ताजा मिळतो आणि शीतगृहात गेलेलाही नसतो.

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे घरीही तपासता येतं. एक वाटी मिठाला अकरा वाट्या पाणी घेऊन द्रावण करावं. पिठूळ बटाटा त्यात बुडतो, चिकट तरंगतो. फ्राइजना बुडणारा हवा. साखरेची परीक्षा याहून सोपी: एक फोड तळून बघायची.

आठ जणांना दीड किलो बटाटे पुरतात. सोलून आठ मिलिमीटर जाडीच्या लांब फोडी कराव्यात. सगळ्या सारख्या जाडीच्या, कारण एकीचं टोक जळेपर्यंत दुसरी कच्ची राहिली तर पुढची सगळी मेहनत फुकट. तीन पाण्यांतून धुवाव्यात, धुतलेलं पाणी गढूळ राहता कामा नये. मग दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि तेवढंच मीठ घालून फोडी त्यात सात ते दहा मिनिटं शिजवाव्यात. साध्या पाण्यात एवढा वेळ शिजवल्या तर त्यांचा भुगा होईल. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे बटाट्यातलं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून फोड आतून शिजते आणि बाहेरून आकार सोडत नाही. ही युक्ती अमेरिकेतले पाकशास्त्र-लेखक केन्जी लोपेझ-आल्ट यांनी लोकप्रिय केली, आणि विकतच्या फ्राइजच्या जवळ जाणारी घरगुती पद्धत म्हणून तिच्या तोडीची दुसरी नाही.

निथळलेल्या फोडी पंचावर पसरून वाफ जाऊ द्यावी. कढईत शेंगदाण्याचं रिफाइंड तेल १८० अंशांपर्यंत तापवून थोड्या थोड्या फोडी साधारण मिनिटभर तळाव्यात. रंग येऊ द्यायचा नाही. काढून गार कराव्यात आणि ताटात एकेक सुटी पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे दुसऱ्या तळणीत वाफ पटकन बाहेर पडते आणि आतला गर हलका होतो. दुसरी तळणी रविवारी, पॅटी तव्यावर जायच्या जरा आधी: १९० अंशांत तीन-चार मिनिटं, गोठलेल्या स्थितीतच, कढईत गर्दी न करता. थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी तेलात धरावी. तिच्याभोवती बारीक बुडबुडे झरझर उठले की तेल तयार. मीठ काढल्या काढल्या घालावं, तेलाचा ओलावा असतानाच ते चिकटतं.

चवीचा एक मुद्दा उरतो. १९९० पर्यंत मॅक्डॉनल्डच्या फ्राइज अमेरिकेत गोमांसाच्या चरबीत तळल्या जात आणि जुन्या गिऱ्हाइकांना ती चव अजून आठवते. तेलात दोन चमचे तूप टाकून तिची बरोबरी होत नाही. शेंगदाण्याच्या तेलालाच स्वतःचा एक खमंगपणा असतो, तेवढा पुरतो.

रविवारी सकाळी आठला बनची कणीक. लादीपाव बर्गरला का नको, हा प्रश्न रास्त आहे. लादीपावात दूध-लोणी जवळजवळ नसतं; तो वड्याला आणि मिसळीला उत्तम, पण मांसाचा रस आणि चीज यांच्या ओलाव्यात तो तळाकडून फाटतो. बर्गरचा बन मऊ हवा आणि दमदारही. त्यासाठी पूर्व आशियातली एक पद्धत फार उपयोगी पडते: थोडा मैदा आधी दुधात शिजवून घ्यायचा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि बन दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

पंचवीस ग्रॅम मैदा सव्वाशे मिलिलिटर दुधात मंद आचेवर ढवळत खळीसारखा घट्ट करावा आणि गार होऊ द्यावा. परातीत ३७५ ग्रॅम मैदा, चाळीस ग्रॅम साखर, सात ग्रॅम मीठ आणि सहा ग्रॅम कोरडं यीस्ट घ्यावं. त्यात ही खळ, एक अंडं आणि १२० मिलिलिटर कोमट दूध घालून मळायला घ्यावं. अंडं नको असेल तर तीन मोठे चमचे दूध वाढवावं. कणीक हाताला चिकटते. तरी वरून मैदा भुरभुरू नये; मळत राहिलं की आठ-दहा मिनिटांत ती स्वतःच हात सोडते. मग पन्नास ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं मुरवत आणखी पाच-सहा मिनिटं मळावी. बोटांत ताणल्यावर न फाटता पारदर्शक पडदा आला की मळणं पुरे झालं.

झाकून ठेवलेली कणीक दुपटीला यायला मुंबईत मे महिन्यात पाऊण तास लागतो, नाशिकला डिसेंबरात दोन तासही लागतील. घड्याळापेक्षा कणकेकडे बघावं. आठ गोळे करून ते ताणून गोल करावेत, ट्रेवर किंचित चपटे दाबावेत आणि पुन्हा फुगू द्यावेत. वरून दूध किंवा अंडं लावून, तीळ भुरभुरून १८० अंशांत अठरा ते वीस मिनिटं भाजावेत. कड दाबल्यावर परत वर आली की बन झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये.

आता मांस. अमेरिकन बर्गर गोमांसाचा, त्यातही खांद्याच्या भागाचा, वीस टक्के चरबीसकट. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना तो कुठेही मिळेल. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशीचं मांस बंदीबाहेर आहे आणि ज्या घरांत ते खाल्लं जातं तिथे बर्गरला ते सगळ्यात जवळचं. इतरांनी मटणाकडे वळावं, आणि यात कमीपणा काही नाही. मॅक्डॉनल्ड १९९६ मध्ये भारतात आलं तेव्हा त्यांच्या महाराजा मॅकमध्येही मटणाचीच पॅटी होती.

बोकडाचं मटण कमी चरबीचं असतं, त्यामुळे नुसत्या खिम्याची पॅटी कोरडी आणि चिवट होते. पुण्याकडे ज्याला बोल्हाईचं मटण म्हणतात ते मेंढीचं, त्यात चरबी जास्त, म्हणून बर्गरला तेच घ्यावं. दुकानात खांद्याचं किंवा मानेचं ८०० ग्रॅम मांस हाडाविना आणि वेगळी २०० ग्रॅम चरबी मागावी, आणि खिमा एकदाच, जाड काढून घ्यावा. घरी करायचा असेल तर मांस आणि चरबीचे तुकडे पाऊण तास फ्रीझरमध्ये कडक करून मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. तुकडे गरम झाले तर चरबी पसरते आणि खिम्याचा लगदा होतो.

यानंतर खिम्यात काहीही घालायचं नाही. कांदा नको, आलं-लसूण नको, अंडं नको, पावाचा चुरा नको, मीठसुद्धा नको. हे पाळणं मराठी हाताला जड जातं, कारण खिमा म्हटला की मसाला आलाच. पण मीठ मिसळून ठेवलं की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन विरघळतं, कण एकमेकांना बांधले जातात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. ही परीक्षा दोन गोळ्यांवर घेऊन बघण्यासारखी आहे, फरक पहिल्याच घासाला कळतो. खिम्याचे साठ ग्रॅमचे सोळा गोळे हलक्या हातानं, न मळता करावेत आणि फ्रिजमध्ये ठेवावेत. प्रत्येक बर्गरला दोन.

तवा बिडाचा हवा. नॉनस्टिक इतका तापवता येत नाही, तापवूही नये. तवा पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर तापवून दोन गोळे ठेवावेत आणि वर कागद धरून वजनदार वाटीच्या बुडानं लगेच, पहिल्या अर्ध्या मिनिटात, पातळ दाबावेत. नंतर दाबलं तर रस बाहेर जातो. आधी दाबलं तर मांस तव्याला सगळीकडून भिडतं आणि तांबूस, खरपूस थर धरतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामी मेयार यांनी १९१२ मध्ये प्रथिनं आणि साखरेची जी अभिक्रिया वर्णन केली, बर्गरची निम्मी चव तीच असते. दाबल्यावर मीठ-मिरी. कडा तपकिरी दिसल्या की धारदार उलथन्यानं तो खरपूस थर खरवडूनच पॅटी उलटावी. लगेच वर चीज. आणखी मिनिटभर, चीज कडेनं ओघळेपर्यंत.

इथे घाई नको, आणि ‘थोडी गुलाबी राहू दे’ असंही म्हणू नये. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जिवाणू असतात ते बाहेरून. खिमा केला की ते आत सगळीकडे जातात. अमेरिकेत १९९३ मध्ये एका साखळीतल्या नीट न शिजलेल्या पॅटींमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. खिम्याची पॅटी मधोमध ७१ अंश सेल्सिअसला पोचायला हवी; चिकन असेल तर ७४ अंशांना. पातळ दाबलेली पॅटी तीन मिनिटांत तिथे पोचते. जाड पॅटी केली तर थर्मामीटर लागेलच.

जे मांस खात नाहीत त्यांनी खिम्याची नक्कल करू नये. वेगळ्या तव्यावर थोडं तेल घालावं आणि मोठ्या मश्रूमची टोपी मीठ-मिरी लावून त्यावर वजनाखाली दोन्ही बाजूंनी खरपूस करावी. मश्रूमला स्वतःची मांसल चव असते आणि घरचं चीज तिच्यावर सुरेख बसतं.

जुळणीचा क्रम महत्त्वाचा. बन आडवा कापून आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर भाजावा. भाजलेला थर रस अडवतो. खालच्या बनवर मोहरी, मग लोणच्याच्या चकत्या, त्यांच्यावर चीज ओघळलेल्या दोन पॅट्या, कांद्याची पातळ चकती, टोमॅटो, लेट्यूस आणि वरच्या बनला केचप. लेट्यूस आणि टोमॅटो पॅटीच्या वरच हवेत, खाली ठेवले तर बन भिजतो. शिवाय टोमॅटो कापून मीठ लावून पाच मिनिटं निथळत ठेवावा आणि मगच वर ठेवावा. मटणाची चरबी लवकर थिजते. त्यामुळे सगळे ताटावर बसल्यानंतरच तवा तापवावा आणि दोन-दोन बर्गर वाढत जावेत.

चार दिवस हाताशी नसतील तर काय सोडायचं, हेही ठरवता येतं. सगळ्यात आधी केचप सोडावं. बाजारातली चांगली बाटली घरच्या केचपच्या पुष्कळ जवळ जाते. त्यानंतर मोहरी. लोणचं मात्र रात्रीच्या रात्री होतं, म्हणून ते राहू द्यावं. बन ओळखीच्या बेकरीतून आणता येईल, पण मिल्क बन सांगून. चीज, फ्राइज आणि पॅटी यांना मात्र घरचाच हात हवा. उरलेले बन कापडात गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात, केचप बाटली उकळून घेतली असेल तर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे. चीज करताना निघालेलं आंबट पाणी टाकू नये. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांची कणीक त्यातच भिजवावी, फक्त मीठ थोडं कमी घालावं.